ताशी १३४ वरून १४१ मैल: मिठावर धावणाऱ्या एका जुन्या हॉट रॉडचं प्रकरण

या प्रकरणातल्या माणसांची नावं आणि नेमकी सालं मुद्दाम दिलेली नाहीत. गाडी ओळखू येईल असे काही किरकोळ तपशीलही बदलले आहेत. तांत्रिक हिशेब मात्र पूर्ण दिला आहे, कारण या प्रकरणातून घेण्यासारखं जे आहे ते त्या हिशेबातच आहे.

पार्श्वभूमी

गाडी अमेरिकेतली, कॅलिफोर्नियात घडलेली हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी बदलून बांधलेली जुनी गाडी. फोर्ड मॉडेल ए ची १९२९ सालची रोडस्टर बॉडी, म्हणजे उघडी, दोन माणसांची, टप नसलेली. ती बसवलेली होती १९३२ च्या फोर्डच्या चासीवर, कारण ही चासी मॉडेल ए च्या चासीपेक्षा भक्कम असते. बॉडी चासीच्या रेलवर, म्हणजे दोन बाजूंच्या लांब दांड्यांवर, जशीच्या तशी ठेवलेली, खाली उतरवलेली नाही. या ठेवणीला तिकडे हायबॉय म्हणतात. मडगार्ड, दिवे, बंपर सगळं काढलेलं.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत अशा शेकडो गाड्या तरुणांनी घरामागच्या शेडमध्ये बांधल्या. फोर्डने १९३२ मध्ये सामान्य माणसाला परवडणारं व्ही-८ इंजिन बाजारात आणलं: २२१ घन इंच, ६५ हॉर्सपॉवर. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ही इंजिनं भंगाराच्या भावात मिळू लागली आणि हॉट रॉडचा धंदा, छंद, शर्यत, सगळं त्यांच्याभोवती उभं राहिलं. वेग मोजायला कोरड्या तळ्यांचे सपाट तळ होते. १९३७ मध्ये स्थापन झालेली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन आधी म्युरॉकला आणि ते तळं लष्कराकडे गेल्यावर एल मिराजला शर्यती घेत असे. गाड्यांचा वेग तळ्याच्या लांबीत मावेनासा झाला, तेव्हा १९४९ मध्ये ही मंडळी यूटा राज्यातल्या बॉनविलच्या मिठाच्या मैदानावर गेली. तिथला स्पीड वीक तेव्हापासून ऑगस्टमध्ये भरतो. मीठ साथ देत नाही तेव्हा तो रद्द होतो, २०१४ आणि २०१५ ही दोन्ही वर्षं तशीच गेली. हिवाळ्यात पाण्याखाली आणि उन्हाळ्यात पांढरंशुभ्र, कडक: ज्यांनी कच्छचं रण पाहिलं आहे त्यांना हे चक्र वेगळं समजावून सांगायला नको.

ही गाडी त्याच पहिल्या पिढीतली. अनेक दशकं एका कोठारात उभी होती. नव्या मालकाला ती मिळाली तेव्हा चासी मूळची होती, बॉडी मूळची होती, मागचा एक्सल हॅलिब्रँडचा क्विक-चेंज होता. या एक्सलच्या मागच्या झाकणाआड सरळ दात्यांच्या गिअरची एक जोडी असते. झाकण उघडून जोडी बदलली, किंवा तीच जोडी उलटसुलट बसवली, की मागचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे, तो बदलतो. पाऊण तासाच्या आत हे काम मिठावरच उरकतं.

इंजिन फ्लॅटहेड: व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या शेजारी. बोअर ३ ५/१६ इंच, मर्क्युरीच्या ४ इंच स्ट्रोकचा क्रँक, एकूण २७६ घन इंच, म्हणजे साधारण साडेचार लिटर. ॲल्युमिनियमची हेडं, तीन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर, ठिणगीसाठी मॅग्नेटो. डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, समुद्रसपाटीच्या हिशेबाने ४,९०० आरपीएमला १७२ हॉर्सपॉवर. या जातीच्या इंजिनासाठी हा आकडा चांगला आणि खरा वाटावा असाच आहे. याच्या दीडपट आकडे सांगणारे भेटतात, त्यांच्याकडे डायनोचा कागद मागावा.

वर्ग ठरला एक्सएफ गॅस रोडस्टर. एक्सएफ म्हणजे १९३२ ते १९५३ चं फोर्ड-मर्क्युरी फ्लॅटहेड, आणि गॅस म्हणजे आयोजकांनी दिलेलं पेट्रोल, टाकीला सील. गाडी चालवणार होती मालकाची मुलगी. नवख्या चालकाला इथे एकदम वेग मारू देत नाहीत. आधी ठरलेल्या कमी वेगाच्या फेऱ्या, मग पायरी-पायरीने परवाना. ताशी १२५ ते १४९ मैलांसाठीचा डी परवाना तिला पहिल्याच वर्षी मिळाला.

अडचण

पहिल्या वर्षीची सर्वोत्तम फेरी: ताशी १३४ मैल, म्हणजे जवळपास २१६ किलोमीटर. सगळ्यांची अपेक्षा १४० ची होती.

त्याशिवाय दोन तक्रारी. ताशी १२५ मैलांनंतर गाडीचं शेपूट हलकं झाल्यासारखं वाटे आणि स्टिअरिंग सतत सावरावं लागे. आणि इंजिनाचे फेरे मोजणारा रेव्ह काउंटर ५,१०० दाखवत होता, म्हणजे इंजिन त्याच्या ताकदीच्या शिखराच्या पुढे फिरत होतं. यावर टीमने त्याच आठवड्यात एक निर्णय घेतला: रेशो ३.०० वरून २.७९ वर आणला. कागदावर बरोबर वाटतं. इंजिन जास्त फिरतंय, तर गिअर उंच करा. फेरीचा निकाल आला १३१. आरपीएम ४,६०० वर घसरले.

सगळ्यांनी एकच अर्थ काढला, इंजिनात दम नाही. सुपरचार्जरची, म्हणजे इंजिनात दाबाने जादा हवा कोंबणाऱ्या पंपाची, चौकशी मिठावरूनच सुरू झाली.

निर्णयाचा पहिला टप्पा: आकडा काय सांगतो

सुपरचार्जर मागवण्याआधी एका मित्राने एक साधी गोष्ट केली. सुरक्षेसाठी लावलेल्या छोट्या कॅमेऱ्यात रेव्ह काउंटर दिसत होता. पहिल्या वर्षीचं ते चित्रण कुणी पाहिलंच नव्हतं. त्याने ते हिवाळ्यात पाहिलं, मैलाच्या खुणा कुठे येतात ते टिपलं आणि मोजलेल्या मैलातले, म्हणजे ज्या मैलावर घड्याळ वेग मोजतं त्यातले, आरपीएम लिहून काढले. हे महत्त्वाचं, कारण काट्याची सर्वोच्च खूण राखणारा रेव्ह काउंटर नेमका एखाद्या क्षणी चाक सुटल्याचा आकडा धरून ठेवतो आणि माणूस तोच मैलाचा आकडा समजतो. काउंटर स्वतः किती खरा आहे हेही तपासलं. त्यात तीन टक्क्यांची चूक असली तर पुढच्या सगळ्या हिशेबात तीच चूक शिरते.

मग हिशेब. मागच्या टायरला खडूची खूण करून, चालकाच्या वजनासह गाडी एक फेरा ढकलली: २ मीटर ३१.४ सेंटिमीटर. काउंटरची दुरुस्ती धरून मैलातले आरपीएम ५,१००. भागिले ३.०० रेशो, म्हणजे चाक मिनिटाला १,७०० फेरे. गुणिले २.३१४ मीटर, गुणिले ६०: ताशी २३६ किलोमीटर. घड्याळाने दिलेला वेग २१६. चाक २३६ ने फिरत होतं आणि गाडी २१६ ने जात होती. फरक साडेआठ टक्क्यांहून थोडा जास्त.

वेगात टायर थोडा फुगतो, त्यामुळे खरी घसरण या हिशेबाहून किंचित जास्तच असते. मिठावर थोडी घसरण धरूनच चालावं लागतं. साडेआठ म्हणजे मागची चाकं सगळा वेळ मीठ खरवडत होती. शेपूट हलकं वाटण्याचं कारणही इथेच सापडलं: जे चाक पुढच्या दिशेने घसरत असतं त्याच्याकडे आडवी पकड फार उरत नाही.

मिठावर फिरलेली सगळी मंडळी घसरण हा शब्द वापरतात, पण हिशेब करणारे कमी. घसरणीचे टक्के म्हणजे चाकापर्यंत पोचलेल्या ताकदीतले थेट वाया गेलेले टक्के. डायनोवरचे १७२ हॉर्सपॉवर बॉनविलच्या हवेत साधारण १४१ होतात, गिअरबॉक्स आणि एक्सलमधून चाकाशी १२५ च्या आसपास. त्यातले ११ मीठ उडवण्यात जात होते.

सुपरचार्जरने काय झालं असतं ते आता स्पष्ट होतं. चाकाला आणखी ताकद, म्हणजे आणखी घसरण, म्हणजे आणखी अस्थिर शेपूट. रेशो उंच केल्यावर वेग का पडला हेही कळलं. घसरण जवळपास आठ टक्के तशीच राहिली आणि इंजिन मात्र शिखराच्या खाली, ४,६०० वर अडकलं.

निर्णयाचा दुसरा टप्पा: पर्याय

चार पर्याय टेबलावर होते.

सुपरचार्जर. वर्ग बदलतो, विक्रमाची यादी बदलते, आणि फ्लॅटहेडचा क्रँक फक्त तीन मेन बेअरिंगांवर बसतो. वर सांगितल्याप्रमाणे मूळ दुखण्यावर हा उलटा उपाय होता.

मेथॅनॉल. हा पर्याय मोहाचा होता आणि टीममधल्या दोघांना तोच हवा होता. मेथॅनॉल वाफ होताना भरपूर उष्णता शोषून घेतं आणि फ्लॅटहेडला थंडावा हवाच असतो: यातला एक्झॉस्ट ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या जॅकेटमधून बाहेर जातो आणि मधल्या दोन सिलिंडरांचा धूर एकाच वाटेने निघतो. पण मेथॅनॉल पेट्रोलच्या दुपटीहून जास्त लागतं, त्यासाठी स्ट्रॉमबर्गच्या आतल्या वाटा ड्रिलने मोठ्या कराव्या लागतात. हे तीन कार्ब्युरेटर गाडीबरोबर आलेले होते. एकदा ड्रिल मारलं की ते परत पेट्रोलचे होत नाहीत. वर्गही बदलून फ्युएल रोडस्टर होतो.

चौथा कार्ब्युरेटर. याचा निकाल कागदावरच लागला. स्ट्रॉमबर्ग ९७ चं नाव त्याच्या ०.९७ इंच व्हेंचुरीवरून, म्हणजे हवेच्या वाटेतल्या अरुंद गळ्यावरून, पडलं आहे. एक कार्ब्युरेटर मिनिटाला साधारण १५० घनफूट हवा देतो, तीन मिळून ४५०. २७६ घन इंचांचं इंजिन ५,००० आरपीएमला, शंभर टक्के भरलं तरी, ४०० घेतं. फ्लॅटहेड तेवढं कधीच भरत नाही. अडथळा कार्ब्युरेटरचा नव्हताच, तर व्हॉल्व्हपासून सिलिंडरपर्यंतच्या अरुंद वळणाचा होता आणि तो या इंजिनाच्या रचनेतच आहे.

चौथा पर्याय: इंजिन आहे तसं ठेवायचं आणि पकड, मिश्रण, हवेचा अडथळा, रेशो या क्रमाने हरवलेला वेग शोधायचा. तो निवडला गेला, आणि बरोबरच निवडला गेला. क्रमही महत्त्वाचा होता. घसरण आटोक्यात येईपर्यंत रेशो निवडता येत नाही, कारण कोणत्या वेगाशी रेशो जुळवायचा हेच माहीत नसतं.

हवेचा प्रतिकार मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. १३४ वरून १४० वर जायला १४ टक्के जास्त ताकद लागते, १५० ला ४० टक्के. हा हिशेब पाहून टीमने १५० ची भाषा सोडली आणि १४० हे लक्ष्य ठेवलं. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच.

काय केलं

*वजन.* रस्त्यावरच्या गाडीत वजन शत्रू असतं. मिठावर धावायला मैलांचा पट्टा असतो, वजनामुळे वेग गाठायला थोडा वेळ जास्त लागतो इतकंच. रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा पोलादी पिंजरा) बसवल्यावर, चालकासह गाडी चार काट्यांवर तोलली: एकूण १,०४५ किलो, पुढे ५६०, मागे ४८५. मागच्या चाकांवर निम्माही भार नाही.

१४० किलो शिसं घालायचं ठरलं. कुठे, यावर दोन दिवस वाद झाला. डिकीत, एक्सलच्या मागे टांगलं तर मागचा भार ६४६ किलो होतो आणि पुढचा उलट ५३९ वर येतो, कारण एक्सल टेकू बनून पुढचं टोक उचलतं. एक्सलच्या पुढे ३० सेंटिमीटरवर, दोन रेलच्या मध्ये खाली बसवलं तर मागे ६०९ आणि पुढे ५७६. डिकीच्या जागी मागच्या चाकांवर ३७ किलो भार जास्त मिळत होता. तरीही पुढची जागा निवडली. बाण सरळ जातो कारण त्याचं वजन टोकाकडे आणि पिसं शेपटाकडे असतात. गाडीचा गुरुत्वमध्य जितका मागे सरकतो तितकी ती शेपूट पुढे टाकायला बघते. हायबॉयचं पुढचं टोक चपटं, उभं, हवा अडवणारं, तिथे ही चूक महाग पडते.

शिसं ओतून वड्या केल्या, प्रत्येक वडीतून आरपार दोन बोल्ट, खाली स्टीलची पट्टी, नटांना लॉक. पट्ट्यांनी आवळलेलं किंवा पोत्यात भरलेलं वजन तपासणीत पास होत नाही आणि होऊही नये. गाडी उलटली तर ते थेट चालकाच्या पाठीत येतं.

*पुढचा एक्सल.* मूळचा आय-बीम एक्सल, वर आडवी पाट्याची स्प्रिंग, एक्सल धरणारे दांडे, म्हणजे विशबोन, दोन बाजूंना वेगळे केलेले. कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागचा झुकाव, ७ अंश होता, तो १२ केला, म्हणजे चाक स्वतःहून सरळ होण्याकडे जास्त ओढ घेतं. हे करताना एक गोष्ट पहिल्यांदा चुकली. एक्सल मागे झुकवला पण स्प्रिंग जुन्याच कोनात राहिली, त्यामुळे शॅकल, म्हणजे स्प्रिंगच्या टोकांचे झुलते दुवे, पीळ खाऊन अडकले आणि पुढचं टोक जवळपास कडक झालं. हाताने दाबून पाहिल्यावर गाडी खाली गेलीच नाही, तेव्हा कळलं. क्रॉसमेंबर आणि स्प्रिंग यांच्यामध्ये तिरका वेज टाकल्यावर हालचाल मोकळी झाली. टो-इन, म्हणजे चाकांची पुढची टोकं आत वळलेली, ३ मिलिमीटर.

*मिश्रण.* बॉनविलची उंची साधारण १,२८५ मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडी कमी. पण ऑगस्टच्या उन्हात हवा आणखी विरळ होते. सकाळी २० अंशाला ती ५,८०० फुटांवरच्या हवेसारखी वागते, दुपारी ३५ अंशाला ७,६०० फुटांवरच्या. हवा विरळ झाली की कार्ब्युरेटर आपोआप पेट्रोल तेवढ्या प्रमाणात कमी करत नाही: सकाळी मिश्रण समुद्रसपाटीपेक्षा ९ टक्के घट्ट होतं, दुपारी १२ टक्के. पहिल्या वर्षी तिन्ही कार्ब्युरेटरांत ०.०४५ इंचाचे नेहमीचे मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी भोकं, होते. जादा पेट्रोलाने प्लग काळे निघत होते आणि त्याचा दोष मॅग्नेटोला दिला गेला होता.

जेटचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलतं. ०.०४३ च्या जेटचं क्षेत्रफळ ०.०४५ पेक्षा ८.७ टक्क्यांनी कमी, ०.०४२ चं १३ टक्क्यांनी. म्हणून सकाळसाठी ४३, दुपारसाठी ४२. पूर्ण थ्रॉटलला जादा पेट्रोल देणाऱ्या पॉवर व्हॉल्व्हला हात लावला नाही. पेट्रोल एकदम दोन्हीकडून कमी केलं तर कुठल्या बदलाचा परिणाम काय ते कळत नाही आणि फ्लॅटहेडमध्ये कोरड्या मिश्रणाने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायला एक फेरी पुरते.

प्लग वाचायची रीतही बदलली. फेरी संपवून गाडी हळूहळू परत आणली की प्लगवर दिसतं ते परतीच्या वाटेचं मिश्रण. मोजलेल्या मैलाच्या शेवटी, पूर्ण थ्रॉटलवर असतानाच इग्निशन बंद, क्लच दाबलेला आणि गाडी तशीच घरंगळत थांबवायची. मग प्लग जे सांगतो ते खरं.

*हवा.* शेजारच्या रिकाम्या सीटवर नियमात बसेल तेवढं ताणलेलं कव्हर, मागच्या चाकांवर चपट्या ॲल्युमिनियमच्या चकत्या. यापलीकडे काही नाही. हायबॉयचं हवेतलं रूप कितीही सजवलं तरी विटेसारखंच राहतं.

*रोल केज.* हा सगळ्यात अवघड निर्णय होता आणि त्याचा वेगाशी संबंध नव्हता.

१९४० च्या दशकात या गाड्या केजशिवाय धावल्या. आजच्या नियमात केज, चालकाला सीटला बांधणारा, नियमपुस्तक सांगेल तो हार्नेस, हातांचे पट्टे, आग विझवण्याची यंत्रणा, क्लचभोवती स्टीलचं कवच हे सगळं लागतं. जुन्या गाडीत क्लच चालकाच्या पावलांच्या अगदी पुढे असतो. तो फुटला तर काय होतं हे त्या काळातल्या पुष्कळांनी पायांनी भोगलं आहे. तेव्हा हे नियम हवेत यात शंका नाही. पण केज चासीला जोडायचा म्हणजे मूळच्या रेलवर वेल्डिंग आलं.

आधी फक्त नटबोल्टवर, जुन्याच भोकांतून बसणारा केज काढला. आराखडा तपासनिसांना आणि एका चासी बांधणाऱ्याला दाखवला. दोघांचंही मत एकच पडलं: जुन्या पातळ रेलवर बोल्टचा भार एका बिंदूवर येतो, उलटताना भोक फाटतं. शेवटी रेलवर जाड पट्ट्या वेल्ड करून त्यांच्यावर केज उभा केला. मूळ रेल कुठेही कापली नाही, मात्र सीटखालचा पत्रा आणि फळीचा काही भाग कापावा लागला. ते तुकडे नावं घालून, तेल लावून, गुंडाळून ठेवले आहेत. प्रत्येक वेल्डचे फोटो आणि मापं एका वहीत आहेत.

निकाल

दुसऱ्या वर्षीची पहिली फेरी सकाळी, रेशो ३.००, जेट ४३: ताशी १३८ मैल. कॅमेऱ्यातून काढलेले आरपीएम ४,९७०, घसरण साडेतीन टक्के. चालकाने सांगितलं की शेपूट आता बोलत नाही. तिचे हे शब्द टीमसाठी १३८ पेक्षा मोठे होते.

दुपारची फेरी घाईत घेतली. रांग छोटी होती म्हणून जेट न बदलता गाडी नेली. १३५. प्लग काळपट, त्यात आडवा वारा, दीड मैलानंतर तिने पाय काढला. काही नुकसान झालं नाही, पण दिवसातल्या एका फेरीची किंमत रांगेतल्या तासांत मोजायची असते.

संध्याकाळी रेशो २.८८ केला. हा आकडा आता अंदाजाचा नव्हता: १४१ च्या आसपासचा वेग आणि साडेतीन टक्के घसरण धरली तर इंजिन ४,९०० वर येतं, म्हणजे डायनोवरच्या शिखरावर. जेटबाबत एकाचं म्हणणं होतं की ४२ घालूनच सकाळी जाऊ, जरा कोरडं बरं. ते मानलं नाही, ४३ च ठेवले. सकाळची हवा दाट असते.

सकाळच्या फेरीत ताशी १४१.२ मैल, २२७ किलोमीटर. आरपीएम ४,८८०.

विरळ हवेबद्दल एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ती उलटी वाटते. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद कमी होते, पण गाडीला अडवणारी हवाही तेवढीच विरळ झालेली असते. त्यामुळे नुसत्या उंचीने वेग फार पडत नाही. पडतो तो चुकीच्या जेटमुळे, आणि मिठाचा चाकांना होणारा विरोध तसाच राहिल्यामुळे. "बॉनविलच्या उंचीने इंजिन मारलं" हे कारण निम्म्याहून अधिक वेळा जेट न बदलल्याचं कारण असतं.

या फेरीनंतर रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे दिसले. कूलिंगमध्ये हातपंपाने दाब भरून ठेवला तर काटा उतरत होता. सिलिंडरमधून हवा किती गळते ते दाखवणाऱ्या लीक-डाऊन चाचणीत एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा स्पष्ट खाली. अजून दीड दिवस उरला होता, १४२ समोर दिसत होते. गाडी ट्रेलरवर चढवली. घरी ब्लॉक उघडून मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने तडे शोधण्याची चाचणी) केला, तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरच्या भिंतीपर्यंत तडा सापडला. फ्लॅटहेडचं हे ठरलेलं दुखणं आणि ठरलेली जागा.

वेगळं काय करता आलं असतं

तड्याच्या आत गंज आणि पाण्याचा क्षार बसलेला होता. म्हणजे तो त्या सकाळचा नव्हता. पहिल्या वर्षाआधी इंजिन बांधताना ब्लॉक धुतला, बोअर केला, व्हॉल्व्हच्या सीट बदलल्या, पण मॅग्नाफ्लक्स आणि दाबाची चाचणी केली नाही. मशिनिंगवर पैसे खर्च करण्याआधी ब्लॉक तपासणं ही फ्लॅटहेडची पहिली पायरी आहे. सुरुवातीलाच तडा सापडला असता तर पिना ठोकून शिवता आला असता किंवा दुसरा ब्लॉक शोधता आला असता. शिवाय पहिल्या वर्षी फेरीनंतर गाडी लवकर तयार व्हावी म्हणून गरम रेडिएटरमध्ये थंड पाणी ओतलं जात होतं. लालबुंद सीटशेजारच्या ओतीव लोखंडाला याहून वाईट वागणूक देता येत नाही. इंजिन आपणहून निवेपर्यंत थांबावं, किंवा पाणी घालायचंच तर गरम घालावं.

केजबद्दल माझं मत टीमपेक्षा वेगळं आहे. १९३२ च्या चासीच्या नव्या रेल आजही तयार मिळतात. शर्यतीसाठी नवी चासी बांधून तिच्यावर मूळची बॉडी, इंजिन आणि एक्सल ठेवता आले असते, आणि मूळ चासी एक वेल्डही न लागता भिंतीला उभी राहिली असती. खर्च वाढला असता, वर्षभर उशीर झाला असता, आणि "ही तीच गाडी" असं म्हणताना थोडं अडखळावं लागलं असतं. तरीही पत्रा परत वेल्ड करता येतो, रेलचं लोखंड एकदा तापलं की परत १९३२ चं होत नाही.

मिठाने जे केलं ते याच्याशी जोडलेलं आहे. रेल मजबूत करायला आतून पट्ट्या लावून त्या पेटीसारख्या बंद केल्या होत्या. ओलं मीठ त्या पेटीत शिरलं आणि बाहेरून धुतल्यावर आत तसंच राहिलं. पहिल्या वर्षानंतर सहा महिन्यांत बोल्टच्या भोकांतून तपकिरी पाणी गळू लागलं. आता पेटीच्या खालच्या बाजूला निचऱ्याची भोकं आहेत, एका टोकातून पाण्याची नळी आत घालून दुसऱ्या टोकातून गोडं पाणी येईपर्यंत धुतात आणि हे काम मैदान सोडल्यावर पहिल्या मुक्कामालाच होतं, घरी पोचल्यावर नाही. घरापर्यंतच्या लांब हायवेवर मीठ सुकून फटींत घट्ट बसतं.

शिशाबाबतचा प्रयोग अर्धवट राहिला. एक्सलच्या पुढे ३० सेंटिमीटर ही जागा वाद मिटवण्यासाठी निवडलेली होती, चाचणीतून आलेली नव्हती. वड्या बोल्टच्या आहेत, त्या २५ सेंटिमीटर पुढे-मागे सरकवून एकाच सकाळी दोन फेऱ्या घेता आल्या असत्या आणि घसरणीचे टक्के शेजारी-शेजारी मांडता आले असते. घसरण साडेतीनवरून तीनवर आली तर या गाडीला ताकदीचा अर्धा टक्का मिळतो, मैलाच्या हिशेबात फारसं काही नाही. पण शेपूट आणखी किती शांत होतं, ते समजलं असतं.

सध्या दुसरा ब्लॉक दुकानात आहे. तो आधी मॅग्नाफ्लक्सला गेला, दाबाची चाचणी झाली, मगच बोअरला लागला. जुना, तडा गेलेला ब्लॉक टाकून दिलेला नाही. त्याच्या सहा व्हॉल्व्ह सीट अजून चांगल्या आहेत आणि तडा शिवायची वेळ ठरली आहे.